पावसाचे पाणी निर्मळ राहावे म्हणून : घरकाम व बांधकाम करताना घ्यावयाची काळजी



मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घराची डागडुजी उरकून घ्यावी, ही आपल्या भागातील जुनी रीत आहे. गच्चीची गळती बंद करणे, भिंतींना गिलावा, रंग, अर्धवट राहिलेली खोली पूर्ण करणे अशी कामे वैशाख-ज्येष्ठात गल्लोगल्ली चालू असतात. याच दिवसांत नालीच्या काठावर वाळूचे ढीग, मुरूम, फुटक्या विटा आणि सिमेंटची रिकामी पोती पडलेली दिसतात. पहिला जोराचा पाऊस झाला की त्यातील बरेचसे वाहून जाते, रस्ता धुऊन निघतो आणि आपणांस बरे वाटते. वाहून गेलेले हे सर्व जाते कोठे, याचा विचार सदर लेखात करावयाचा आहे.

अनेकांचा असा समज असतो की नालीत गेलेले पाणी पुढे कोठेतरी शुद्ध केले जाते. रस्त्याकडेच्या पावसाळी नालीबाबत हा समज खरा नाही. ते पाणी जसेच्या तसे ओढ्यात उतरते व ओढा नदीस मिळतो. भालकी तालुक्यातून कारंजा नदी वाहते, तिच्यावर ब्यालहळ्ळी येथे धरण आहे. कारंजा पुढे मांजरेस मिळते आणि मांजरा तेलंगणात सिंगूर व निजामसागर या जलाशयांतून गोदावरीकडे जाते. म्हणजे गोदामाईच्या ज्या पाण्यास आपण हात जोडतो, त्यात आपल्या अंगणाचाही वाटा असतो.

नदीपेक्षाही अधिक नाजूक गोष्ट म्हणजे भूमीखालचे पाणी. बीदर शहर ज्या पठारावर वसले आहे, त्याच्या माथ्यावर जांभा दगडाचा जाड थर असून त्याखाली काळा कातळ आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाऊस त्यात सहज मुरतो, मात्र खालचा कातळ त्यास तितक्या सहजपणे वाट देत नाही. मग ते पाणी दोन्ही थरांच्या सांध्यावरून सरकत पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. झरणी नरसिंह, पापनाश, गुरु नानक झिरा ही आपली श्रद्धास्थाने अशाच पाझरावर उभी आहेत. झरणी नरसिंहाच्या दर्शनास भाविक भुयारातील कमरेच्या, कधी छातीच्या पाण्यातून चालत जातात. ते पाणी वरच्या पठारावर पडलेल्या पावसाचेच असते, आणि त्या पठारावर आज वस्ती वाढत आहे. सच्छिद्र जांभा पावसास आत घेतो तसा पावसात विरघळलेला साबण व रसायनेही घेतो. माती जसे गाळण्याचे काम करते, तसे मोठ्या भेगांचा खडक करू शकत नाही.

बहामनी राजधानी पंधराव्या शतकात बीदरला आल्यानंतर या पाण्याचा उपयोग करून घेण्यासाठी नौबाद येथे भुयारी कालवा खोदण्यात आला. त्यास कारेझ म्हणतात. इराणकडील ही विद्या. सौम्य उताराच्या बोगद्यातून पाणी केवळ आपल्या वजनाने वाहत येते, आणि खोदलेली माती बाहेर काढण्यासाठी व हवा-उजेडासाठी ठराविक अंतरावर उभे झरोके ठेवलेले असतात. सुमारे 2015 पासून या कारेझची साफसफाई हाती घेण्यात आली, तेव्हा झरोके गाळाने व कचऱ्याने भरलेले आढळले, काही तर नव्या बांधकामांमुळे झाकले गेले होते. शत्रूने विहिरी बुजवल्याच्या कथा आपण ऐकतो. येथे शत्रू कोणीच नव्हता. उघडे भोक दिसले, राबिट टाकले, इतकेच घडले असावे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी आजच्या छत्रपती संभाजीनगरात बांधलेल्या नहरींची कथाही याहून फारशी निराळी नाही.

भालकीच्या बाजूस बहुतांश काळी जमीन आहे व तिचे वर्तन वेगळे असते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी, वर्षभर साचलेली सारी घाण घेऊन, या भेगांतून थेट खाली उतरते. नंतर माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचे पाणी मुरण्याऐवजी वरून वाहू लागते. म्हणून आपल्याकडे पावसापूर्वीच्या आठवड्यात अंगण, गच्ची व नाली झाडून घेणे हे अन्य कशाहूनही उपयोगाचे आहे. ज्यांनी गच्चीचे पाणी कूपनलिकेत सोडले आहे, त्यांनी पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर काढून द्यावे. हजार चौरस फूट गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर सव्वादोन हजार लिटरांहून अधिक पाणी होते. रंगाचे पापुद्रे व पक्ष्यांची विष्ठा घेऊन ते पिण्याच्या पाण्यात जाऊ नये.

आता बांधकामाविषयी. सिमेंट कालवलेले पाणी अत्यंत क्षारयुक्त असते. कामगारांच्या हातापायांना चिरा पडतात त्या यामुळेच. असे पाणी ओढ्यात गेल्यास मासे व जलचर यांस जगणे कठीण होते. प्रस्तुत लेखकाने घराचा वरचा मजला बांधताना मिक्सरचे धुवण परसात सोडू दिले होते. त्या पावसाळ्यात तेथील पेरू वाळला आणि जमिनीवर असा कठीण थर बसला की पाणी मुरेनासे झाले. दोष गवंड्याचा नव्हता. त्याने विचारले होते, मीच "सोडा तिकडे" म्हणालो. उपाय सोपा होता. प्लॉटच्या एका कोपऱ्यात खड्डा करून त्यात जाड प्लास्टिक अंथरावे व घमेली, फावडी, मिक्सर तेथेच धुवावीत. पाणी उडून जाते, उरलेला घट्ट गोळा भरावात वापरता येतो. शहाबादी फरशीस पॉलिश करताना निघणारा राखाडी चिखलही नालीत न ढकलता पिंपात निवू द्यावा.

वाळू-मुरूम नालीच्या काठावर न उतरवता प्लॉटच्या आत, उंच बाजूस उतरवावा, त्यावर ताडपत्री घालावी आणि खालच्या अंगास वाळूच्या पोत्यांची एक ओळ लावावी. वाहून जाणारी वाळू आपल्याच पैशाची असते, हे निराळे सांगावयास नको. नालीत बसलेल्या गाळामुळे पुढच्या पावसात पाणी कोणाच्या तरी घरात शिरते, आणि बहुधा ते घर आपल्याहून खालच्या अंगास राहणाऱ्या गरिबाचे असते.

जुना रंग खरवडताना विशेष जपावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात 2017 च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. त्याआधीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते. खाली चादर अंथरून पापुद्रे गोळा करावेत, पाण्याने धुऊन काढू नयेत. लहान मुलांस त्या जागेपासून दूर ठेवावे.

घरातील बाबी थोडक्यात. मोटारसायकल फरशीवर न धुता मातीच्या जागेत, कमी साबणाने धुवावी. बदललेले इंजिन ऑइल डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीतील आम्ल कदापि ओतू नये, बॅटरी दुकानातच परत करावी. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानुसार प्रवाहात वा विहिरीत जाणूनबुजून प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई आहे, हेही सभासदांनी ध्यानी ठेवावे.

देवळातही आपण अगदी निर्दोष नाही. समया व निरांजने घासल्यावरचे तेलकट, राखेचे पाणी आजवर सरळ नालीत जात आले आहे. सेवेकऱ्यांस विनंती की दिवे घासण्यापूर्वी त्यांतील तेल जुन्या कापडाने टिपून घ्यावे, कापड सुक्या कचऱ्यात टाकावे व राहिलेले पाणी झाडांपासून दूर, मोकळ्या मातीत ओतावे.