पिल्लाचे दात

फाल्गुन मास लागला की हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांना हळदीच्या कामातून क्षणाचीही उसंत मिळत नाही. वसमत, कळमनुरी, औंढा या भागांत हळदीचे पीक मोठे. कंद खणून काढावयाचे, शिजवावयाचे आणि उन्हात वाळवावयाचे. या कामी घरातील लहानथोर सारे दिवसभर शेतावर असतात. मागे उरते ते घरात कोंडून ठेवलेले कुत्र्याचे पिल्लू. सायंकाळी मंडळी परत येतात, तेव्हा मुलाच्या वहीचे तुकडे घरभर पसरलेले असतात, वहाणेचा अंगठा तुटलेला असतो. आणि एखादे दिवशी तर सातबाराचा उताराही चिंध्या होऊन पडलेला आढळतो. मग पिल्लाच्या पाठीत काठी बसते. हाच प्रकार पुन्हा पुन्हा घडला, तर त्याला पोत्यात घालून दूर सोडून देण्याचेही घाटू लागते. असा निवाडा देण्यापूर्वी आरोपीच्या तोंडात एकदा डोकावून पाहणे बरे.

आपल्याकडील गावठी कुत्री बहुधा हिवाळ्याच्या आरंभी वितात. पिल्लाला प्रथम 28 दुधाचे दात येतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांच्या वयापर्यंत त्यांच्या जागी 42 कायमचे दात येतात. मनुष्याचे दात 32च. एवढे दात थोड्याच महिन्यांत उगवावयाचे, म्हणजे हिरड्या शिवशिवणार, ठणकणार. काही तरी चावले की पिल्लाला तेवढाच आराम पडतो. हळदीचा हंगाम आणि दात येण्याचे दिवस नेमके एकाच वेळी येतात, हा त्या पिल्लाचा दोष नव्हे.

पण वहाण आणि वही यांवरच त्याचा डोळा का? लहान मूल नवी वस्तू हाताने चाचपून पाहते. पिल्लाला हात नाहीत; त्याचे तोंड हाच त्याचा हात. शिवाय वहाणेला धन्याच्या पायाचा आणि वहीला मुलाच्या हाताचा वास असतो. घरात कोणी नसताना हा ओळखीचा वास त्याला ओढून नेतो. कागद पायाखाली दाबून दातांनी ओढण्याची त्याची ढबही फार जुनी आहे. त्याचे पूर्वज लांडगे. शिकारीचे कातडे आणि पिसे ते असेच ओरबाडीत. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे गाव याच जिल्ह्यात आहे. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा कोणाला ठाऊक नाही? त्या कुत्र्याला भूक लागली होती. वही फाडणाऱ्या पिल्लाचे दुखणे पोळीने भागत नाही.

‘त्याला आपली चूक कळते, पाहा कसे मान खाली घालते!’ असे पुष्कळांचे म्हणणे असते. 2009 साली अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने याची परीक्षा घेतली. मना केलेला खाऊ ज्या कुत्र्यांनी खाल्लाच नव्हता, तीदेखील धनी रागावताच अपराध्यासारखी पाहू लागली. म्हणजे ती मुद्रा पश्चात्तापाची नव्हे, समोरच्या रागाची. दुपारी फाडलेल्या वहीबद्दल सायंकाळी मारलेली काठी पिल्लाला एवढेच शिकविते, की धनी घरी आला म्हणजे भ्यावे.

अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक यांच्या टोबी नावाच्या पिल्लाने 1936 साली त्यांच्या नव्या कादंबरीच्या हस्तलिखिताचा निम्मा भाग फाडून टाकला. दुसरी प्रत नव्हती. दोन महिन्यांचे श्रम वाया गेले. स्टाइनबेक संतापले खरे, परंतु कागदांपायी चांगले कुत्रे बिघडवावे, हे त्यांना पटले नाही. थोडक्या शिक्षेवर भागवून ते पुन्हा लिहावयास बसले. ‘ऑफ माइस अँड मेन’ ही ती कादंबरी 1937 साली प्रसिद्ध झाली.

ज्याच्याजवळ एकच उतारा आहे, त्याने तो पेटीत ठेवावा, हे उत्तम. पिल्लाला चघळावयास गाजर द्यावे, किंवा गिळता येणार नाही एवढा टणक रबरी चेंडू द्यावा. जुनी वहाण मात्र देऊ नये. जुनी कोणती आणि नवी कोणती, हा भेद त्याला समजत नाही. शिजलेल्या हाडांच्या अणकुचीदार कपच्या निघतात, म्हणून तीही नकोत. कागदाने सहसा फारसा अपाय होत नाही. पण प्लॅस्टिकची पिशवी किंवा कापडाचा तुकडा आतड्यात अडकला, तर प्राणावर बेतते. शक्य असेल तर त्याला शेतावर सोबत न्यावे. तेथे हुंगावयास इतके असते, की कागदाची त्याला आठवणही होत नाही.

पडलेले दुधाचे दात पिल्लू बहुधा गिळून टाकते. तरीही एखादे सकाळी केर काढताना, फाटलेल्या कागदांच्या कपट्यांत, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा दात सापडतो.