रूट असूनही ‘परमिशन डिनाइड’? एसई-लिनक्सचं कोडं सोडवूया

सर्व्हर शिकताना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. फेडोरा किंवा रेड हॅटवर एन्जिनएक्सचा पोर्ट बदलून ८७६५ केला, सर्व्हिस सुरू करायला गेलात आणि ती रुसून बसली. लॉग म्हणतो, ‘१३: परमिशन डिनाइड’. अहो, पण आपण तर रूट आहोत! शिवाय १०२४ च्या वरचा पोर्ट साधा युजरही उघडू शकतो. मग अडवतंय कोण?

अडवतंय एसई-लिनक्स. अमेरिकेच्या एनएसएने ते २००० साली सगळ्यांसाठी खुलं केलं, २००३ मध्ये ते मूळ कर्नलमध्ये आलं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडमध्येही ते आहे, ५.० पासून पूर्ण सक्तीने. कल्पना सोपी आहे: प्रत्येक प्रोसेस, फाइल आणि पोर्टला एक लेबल असतं. कुठल्या लेबलने कशाला हात लावायचा, हे पॉलिसी ठरवते. वेब सर्व्हरच्या वाट्याला ८०, ४४३ असे ठरावीकच पोर्ट आहेत. ८७६५ त्यात नाही. मग रूट असलात तरी नाही म्हणजे नाही!

आता शोध कसा घ्यायचा? आधी ‘गेटएनफोर्स’ चालवा. उत्तर ‘एनफोर्सिंग’ आलं, की ‘एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट’. कोणी, काय मागितलं आणि नकार का मिळाला, ते तिथे दिसतं. नकार पोर्टचा असेल तर तो यादीत घाला: ‘सेमॅनेज पोर्ट -ए -टी एचटीटीपी_पोर्ट_टी -पी टीसीपी ८७६५’. सर्व्हिस पुन्हा सुरू करा. झालं काम.

कधी घोळ फाइलचा असतो. कॉन्फिग होम फोल्डरमध्ये लिहिली आणि ‘एमव्ही’ने जागेवर हलवली, तर जुनं लेबल सोबतच येतं. तिथे ‘चमॉड ७७७’ करून काहीच होत नाही, उलट धोका वाढतो. ‘रिस्टोअरकॉन -व्ही’ आणि फाइलचा पत्ता, एवढंच पुरे.

‘सेटएनफोर्स ०’ करून टाका, असा सल्ला बरेच जण देतील. दोन मिनिटं तपासायला ठीक आहे, पण लगेच ‘सेटएनफोर्स १’ करा. उद्या एन्जिनएक्समध्ये एखादी फट सापडली, तर आत शिरलेल्याला बाकी सर्व्हरपासून रोखणारी भिंत हीच. दार उघडत नाही म्हणून भिंत पाडायची नसते, किल्ली शोधायची असते.

तुमची सर्व्हिस कुठे अडली, कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!