घामाचा वास

आमचा नातू नेरूळच्या एका शाळेंत सातवींत आहे. गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं त्यानें डबा तसाच परत आणिला व उद्यां शाळेंत जाणार नाहीं, असें सांगितलें. आईनें मोबाइल पाहिला, तेव्हां उलगडा झाला. वर्गांतील मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत त्याचें ‘गटार’ असें नामकरण झालें होतें.

घरांत प्रथम बोल लागला तो त्यालाच. नीट स्नान करीत नसशील, म्हणून! वस्तुतः घामास स्वतःचा वास जवळजवळ नसतो. मूल वयांत येऊं लागलें, कीं कांखेंतील विशिष्ट ग्रंथि स्रवूं लागतात. त्या स्रावाचें त्वचेवरील सूक्ष्म जंतु विघटन करितात, तेव्हां वास येतो. त्यांतून ही खाडीकांठची दमट हवा! गणवेश अर्धवट ओलाच अंगावर चढतो. चिरंजिवांनीं त्यास एकांतीं समजाविलें: कांखा साबणानें धुवाव्या, अंग कोरडें करावें, बनियन व मोजे रोज बदलावे. गणवेशाचा आणखी एक जोड शिवविला. पंधरा दिवसांत वास गेला. ‘गटार’ मात्र गेलें नाहीं.

मग त्यास उलट उत्तर लिहूं न देतां, त्या संदेशांचे स्क्रीनशॉट तारखांसह घेऊन उभयतां वर्गशिक्षिकेस भेटलीं. बालकांच्या साह्यार्थ १०९८ हा दूरध्वनि आहे. तितकी वेळ आली नाहीं. बाईंनीं त्या मुलांच्या पालकांस बोलाविलें.

मीं स्वतः छत्तीस वर्षें शिकविलें. एका घामट मुलास मीं वर्गादेखत खिडकीशीं वेगळें बसविलें होतें. वर्ग हंसला, मीहि हंसलों. पुढें तो शाळेंत आला नाहीं.

हें मीं नातवास सांगितलें. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, “आजोबा, त्याचं नांव आठवतं?”

आठवत होतें.