सोळा बार

धारावीतल्या माळ्यावरची ही खोली जेमतेम दहा बाय दहा. खाली शिलाई मशिनांची घरघर चालू आहे. रेकॉर्डिंगची वेळ झाली की कोणीतरी लोखंडी शिडीवरून खाली ओरडतं, "भाईसाब, दो मिनट!" आणि मशिनं खरोखर थांबतात. कोपऱ्यात दोन गोधड्या टांगल्यात, त्यांच्या आड माईक. हाच स्टुडिओ.

माईकसमोर पंधरा वर्षांचा मुलगा उभा आहे. नववीत शाळा सुटली. पुढे मारामारीच्या एका प्रकरणात बाल न्याय मंडळासमोर उभं राहावं लागलं. इथल्या मुलांवर माहितीपट करणारी तरुणी कॅमेरा घेऊन जमिनीवर बसली आहे, पण त्याचा चेहरा ती टिपत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. म्हणून कॅमेरा त्याच्या हातावर आहे. चार बोटं मांडीवर एकेक करून पडताहेत. दुसऱ्या हातात वही, आणि ओळींतल्या काही शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीचे ठिपके. ठोका कुठे पडणार, त्याच्या खुणा.

"त्या रात्री नक्की काय झालं होतं?" ती हळूच विचारते.

बोटं थांबतात. "काय नाय."

इथे रॅपचा वर्ग घेणारा दादा विशीतला आहे, याच गल्ल्यांत रॅप करत वाढलेला. तो मध्ये पडत नाही, लॅपटॉपवर बीट चालू करतो. किक, स्नेअर, किक, स्नेअर. मुलगा तोंड उघडतो आणि सुटतोच. बंदुका, गँग, शिव्या, सगळं एका दमात. सहाव्या बारला आवाज फाटतो, पुढचा शब्द ठोक्यामागे राहतो.

"थांब. श्वास कुठे घेणार? जागाच नाही ठेवलीस."

शिव्यांबद्दल दादा चकार शब्द काढत नाही. मिनिटाला ९० ठोक्यांची बीट, एका बारला चार ठोके. सोळा बार म्हणजे सुमारे ४३ सेकंद. एवढ्यात जे बसेल तेच राहणार. मुलगा भिंतीला टेकून खाली बसतो आणि ओळी खोडायला लागतो. आधी बंदुका जातात. त्या दुसऱ्यांच्या गाण्यांतून आलेल्या आहेत. मग शिव्या गळतात, त्यांनी ठोके फुकट खाल्लेत. पेन्सिल बराच वेळ एका जागी अडून राहते, मग खालच्या बाजूला दोन ओळी नव्याने उतरतात.

पुढच्या टेकमध्ये त्या ऐकू येतात. बापाने रात्री दाराला आतून कडी घातली. बहिणीने खिडकीच्या गजांतून पेपरात गुंडाळलेली चपाती बाहेर सरकवली. मगाशी विचारल्यावर जे आलं नाही, ते आता बरोबर ठोक्यावर येतं आहे. माझ्या अंगावर काटा येतो.

विचारून जे येत नाही ते रॅपमधून येतं, हे ओळखणारे लोक आधीही होते. एडगर टायसन या अमेरिकन समाजकार्याच्या अभ्यासकाने मायामीत गुन्ह्याकडे वळलेल्या मुलांच्या गटोपचारात रॅप आणलं आणि त्यावरचा अभ्यास २००२ साली छापला. न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्समध्ये जे. सी. हॉल यांनी एका शाळेतच स्टुडिओ थाटला. 'मॉट हेवन' हा माहितीपट त्यावरच आहे. इथल्या पोरांना मात्र कुर्ल्याचा रॅपर नेझी जवळचा. त्याने २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं आयपॅडवर केलं, हे इथलं लहान पोरगंही सांगतं.

पण नुसतं गाणं पुरत नाही, हे ठासून सांगायला हवं. मागच्या बाजूला समुपदेशक ताई बसल्या आहेत. कडी घातलेल्या दाराची ओळ ऐकताना त्यांनी मान वर केली, ते मी पाहिलं. ते दार अजूनही बंद होतं का, आज रात्री हा कुठे झोपणार, हे विचारणं आता त्यांचं काम. एवढं बोलून गेलेल्या पोराला टाळ्या वाजवून घरी पाठवणं म्हणजे त्याला उघड्यावर सोडणं आहे.

दादा टेक पुन्हा लावतो. मुलगा हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून स्वतःचा आवाज ऐकतो. पहिल्यांदा कपाळाला आठ्या पडतात. दुसऱ्यांदा 'चपाती'वर त्याची मान ठोक्याबरोबर हलते.

"इथे अर्धा ठोका उशीर झालाय. परत घेऊ?"

"आता हिची पाळी."

दोन वेण्यांतली एक मुलगी केव्हाची वही छातीशी धरून उभी आहे. ती गोधडीआड शिरते. हा बाहेर येतो, कॅमेऱ्याला वळसा घालून ताईंच्या शेजारी बसतो. त्या काहीतरी विचारतात, तो या वेळी उत्तर देतो. मग तिथूनच हाक मारतो,

"दादा, दुसरा व्हर्स पण सोळाचाच ना?"

"आधी लिहून तर आण."

शिडीवरून पुन्हा आरोळी जाते. मशिनं थांबतात.