ढोल कमरेला, कान उघडे

डोंबिवलीत १९९९ साली गणेश मंदिराच्या पुढाकारानं गुढीपाडव्याची शोभायात्रा निघाली आणि पुढं ती कल्पना ठाणे, कल्याण, गिरगाव करत राज्यभर पसरली. आज डोंबिवलीचा फडके रोड असो, ठाण्यातला मासुंदा तलावाचा काठ असो की विसर्जनाच्या दिवशी दुर्गाडीकडं जाणारा कल्याणचा रस्ता, ढोल-ताशा पथकाशिवाय मिरवणुकीला मिरवणूक म्हणायला कुणी तयार नाही. आवाजावरून होणारे वादही आता दरवर्षीचेच. त्यात गॅलरीतल्या आजोबांची बाजू मांडली जाते, रुग्णालयांची मांडली जाते, आणि ते रास्तच आहे. पण त्या आवाजाच्या सगळ्यात जवळ असलेले कान वाजवणाऱ्याचे असतात, आणि ते कुणाच्याच हिशेबात नसतात. खुद्द वाजवणाऱ्याच्याही नाही. नोकरी-कॉलेज सांभाळून पावसाळाभर सराव करणारी ही पोरं टिपरू कुठलं घ्यावं, ढोलाचं पान किती ताणावं, ताशाच्या काड्या किती लवचिक हव्यात यावर तासभर बोलतील. कानात काय घालता विचारलं, की एकच उत्तर येतं, ‘कापूस’. नाहीतर नुसतं हसू.

‘डीजेनं कान जातात, पारंपरिक वाद्यांनी नाही’

हा समज सगळ्यात लाडका, कारण त्यात थोडा अभिमानही मिसळलेला असतो. पण कानाला परंपरा कळत नाही. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव आहे. प्रत्येक कानातल्या या अवयवात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचं रूपांतर मेंदूला कळेल अशा संदेशात करायचं काम त्यांचं. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांच्यावर ताण किती पडतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: आवाज किती आणि किती वेळ. तो स्पीकरमधून आला की चामड्याच्या पानावरून, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

ताशाचं प्रकरण तर आणखी वेगळं आहे. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आखडतो आणि आवाज थोडा अडवतो. शरीराची ही सोय मुख्यतः खालच्या सुरांच्या आवाजावर चालते आणि तिला जागं व्हायला सेकंदाचा काही भाग लागतो. ताशाच्या काडीचा कडक, तीक्ष्ण ठोका तेवढ्यात आत जाऊन पोचलेला असतो. म्हणून ढोलाचा दणका छातीत जाणवतो, घाबरवतो, पण कानाच्या दृष्टीनं जास्त सांभाळायचा तो ताशा. आणि झांज. ताशेवाल्याच्या शेजारी उभं राहणाऱ्यानं हे विशेष लक्षात ठेवावं.

आता हिशेब. डेसिबल हे माप साध्या बेरजेनं चालत नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेनं (निऑश) घालून दिलेली मर्यादा जगभर वापरली जाते: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास. तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मिरवणुकांचे आवाज मोजणाऱ्या आवाज फाउंडेशनच्या नोंदींत शंभरापुढचे आकडे अनेकदा आले आहेत. सरावाला मीटरवर १०० दिसले असं धरा आणि सराव २ तासांचा. एका संध्याकाळी आठ दिवसांचा वाटा संपला. मिरवणूक वर्षातून चार-पाचदा असेल; सराव पावसाळाभर असतो. लोक विसर्जनाच्या दिवसाची काळजी करतात, पण खरा भार सरावाचा, आणि तो बहुतेकदा पुलाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं आवाज वरून आपटून परत कानातच येतो.

याच हिशेबातून एक गंमत निघते. पथकात ३० ढोल असतील आणि ते ६० केले, तर आवाज कानाला दुप्पट वाटत नाही. सगळे ढोल सारख्याच अंतरावर धरले तर वाढतात अवघे ३ डेसिबल. उलटही खरं, निम्मे वादक कमी केले तर उतरतात तेवढेच ३. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पुण्यातल्या पथकांवर ३० वादकांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याच सप्टेंबरमध्ये तिला स्थगिती दिली, तेव्हा दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं. वादकाच्या कानापुरतं बोलायचं तर त्या आकड्यानं फारसा फरक पडला नसता, कारण त्याच्या कानावर सगळ्यात मोठा भार त्याच्या स्वतःच्या ढोलाचा आणि शेजाऱ्याचा असतो.

‘सवय होते, कान तयार होतात’

पहिल्या आठवड्यात कान दुखतात, शिट्टी वाजते, मग काही वाटेनासं होतं. हे खरं आहे. पण याचं कारण कान कणखर झाले हे नव्हे. सरावानंतर कान भरल्यासारखे वाटणं, बोलणं दुरून आल्यासारखं वाटणं, ही केसपेशी थकल्याची खूण आहे. एक-दोन दिवसांत ऐकू येणं पूर्ववत होतं आणि आपण विषय सोडून देतो. कुजावा आणि लिबरमन या हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी २००९ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात वेगळंच दिसलं. ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी पेशी आणि मज्जातंतू यांना जोडणाऱ्या गाठी कायमच्या तुटलेल्या होत्या. माणसात हे नेमकं किती प्रमाणात होतं यावर अजून अभ्यास चालू आहे, पण ‘सकाळी बरं वाटलं म्हणजे काही झालं नाही’ हा युक्तिवाद तेव्हापासून लंगडा झाला.

शिवाय बहिरेपण येतं ते नाटकातल्या बहिऱ्यासारखं नाही. मोठ्या आवाजाचा पहिला घाव ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यावर, बहुधा ४ हजारच्या आसपास पडतो. ढोल ऐकू येतच राहतो, ट्रेनची घोषणा ऐकू येते. हरवतात ते स, श, थ, फ यांसारखे हलके, फुंकरीचे वर्ण. घरात बोलताना चालून जातं. कँटीनच्या गोंगाटात ‘काय म्हणालास?’ वाढत जातं. समोरचा पुटपुटतो असं आपल्याला वाटतं. तो पुटपुटत नसतो.

‘कापूस आहे ना’

कापसानं आवाज जेमतेम पाच-सात डेसिबल उतरतो, तोही मुख्यतः वरच्या सुरांचा. शंभराचे ९४ झाले तरी मुभा एक तासाची, सराव दोन तासांचा. रुमालाची आणि फोनच्या साध्या इअरफोनची गत यापेक्षा बरी नाही. बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन विमानाच्या घरघरीसाठी बनवलेले असतात. ताशाच्या ठोक्यापुढं त्यांच्या भरवशावर राहू नये.

औषधाच्या किंवा कारखान्याच्या सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळणारे फोमचे प्लग स्वस्त आणि चांगले असतात, फक्त ते घालायची पद्धत कुणी सांगत नाही. प्लग बोटांत फिरवत फिरवत बारीक, सुरकुती न पडलेली नळी करायची. विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढायचा, म्हणजे आतली वळणदार वाट सरळ होते. नळी आत सरकवायची आणि अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायची, फुगेपर्यंत. समोरून बघणाऱ्याला प्लग कानाबाहेर डोकावताना दिसला तर तो बसलेला नाही. हात स्वच्छ हवेत. ताशाला हात लावून झाल्यावर प्लग वळायला घेऊ नये. पाकिटावर ३० किंवा ३३ डेसिबल लिहिलेलं असतं ते प्रयोगशाळेतलं. प्रत्यक्षात फोमसाठी त्याच्या निम्मं धरा असं निऑशनंच १९९८ मध्ये सांगितलं होतं. म्हणजे साधारण १५. तेही पुरे आहे, शंभराचे ८५ होतात आणि १५ मिनिटांची मुभा ८ तासांवर जाते.

‘प्लग घातला की ताल हरवतो’

या तक्रारीत तथ्य आहे, म्हणून तिला तुच्छ लेखून चालणार नाही. फोम सगळे सूर सारखे अडवत नाही. वरचे जास्त अडवतो, खालचे कमी. म्हणून ताशाची धार बोथट होते, ढोल घुमू लागतो आणि वादक दुसऱ्याच दिवशी प्लग खिशात टाकतो. संगीतकारांची ही अडचण ओळखून एटिमोटिक रिसर्च या अमेरिकी कंपनीनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘ईआर-१५’ नावाचा प्लग आणला. त्यात बारीक गाळणी असते. ती सगळे सूर जवळपास सारख्याच प्रमाणात, सुमारे १५ डेसिबलनं उतरवते. नाद तोच राहतो, फक्त दूर गेल्यासारखा होतो. आता या जातीचे तयार, तीन पाकळ्यांचे प्लग अनेक कंपन्या विकतात आणि काही शे रुपयांपासून मिळतात. कानाचा साचा घेऊन करून घेतलेले महाग पडतात, पण तासन्‌तास कानात राहतात. त्यांत ९, १५ आणि २५ डेसिबलच्या गाळण्या बदलता येतात.

इथं माझं मत सांगतो. पथकातल्या वादकानं ‘सगळ्यात जास्त अडवणारा द्या’ म्हणू नये. जास्त अडवणारा प्लग म्हणजे जास्त सुरक्षा, हा दुकानदाराचा हिशेब झाला. इतका अडवला की ताल कळत नाही, मग माणूस दर दहा मिनिटांनी प्लग काढतो. आणि काढण्याची किंमत जबर आहे. १०० डेसिबलमध्ये दोन तासांपैकी पावणेदोन तास प्लग घातला आणि सूचना ऐकायला, फोन घ्यायला, मित्राशी बोलायला मिळून १५ मिनिटं काढला, तर त्या १५ मिनिटांतच दिवसाचा पूर्ण वाटा संपतो. एसी लावून खिडकी उघडी ठेवण्यातला प्रकार. १५ डेसिबलचा, पण शेवटपर्यंत कानात राहणारा प्लग ३३ च्या खिशातल्या प्लगपेक्षा केव्हाही चांगला. ‘दादा, तोड कधी घ्यायची ते कळत नाही’ म्हणणाऱ्याला उत्तर सोपं आहे: पथकप्रमुख तसाही हातानंच इशारा करतो, कारण त्या गदारोळात बिनप्लगच्या कानालाही त्याचा आवाज ऐकू येत नसतो.

गाणाऱ्यांची आणि तोंडानं फुंकायच्या वाद्यांची तक्रार वेगळी. कान बंद केले की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. प्लग वरवर बसला असेल तर हे जास्त होतं. खोल बसणाऱ्या, साच्याच्या प्लगनं कमी होतं.

ऑर्केस्ट्रावाल्यांचा आणखी एक समज आहे. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा डोंबिवलीच्या फुले कलामंदिरात वाजवणारा कीबोर्डवाला सांगतो, ‘मी इन-इअर वापरतो, मला काळजी नाही.’ इन-इअर म्हणजे कानातला छोटा स्पीकर. तो बाहेरचं दाबतो हे खरं, पण आतला आवाज किती ठेवायचा हे वाजवणाऱ्याच्या बोटावर आहे. बरेच जण प्रेक्षकांचा माहोल कळावा म्हणून एक कान उघडा ठेवतात. मग उघड्या कानावर मंचाचा गोंगाट येतो आणि दुसऱ्यातला आवाज त्याच्या बरोबरीनं वाढवत न्यावा लागतो. दोन्ही कान बिघडवायची इतकी पद्धतशीर युक्ती शोधून सापडणार नाही. दोन्ही घाला आणि आवाज खाली ठेवा. माहोल हवा असेल तर साउंडवाल्याला एक माइक प्रेक्षकांकडं तोंड करून लावायला सांगा.

‘ढोलाला आवाजाचा नियम नाही’

आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनं लाउडस्पीकरबरोबर वाद्यंही रात्रीच्या बंधनात आली. या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून न्यायालयात गेलेले डॉ. महेश बेडेकर ठाण्याचेच. त्यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. पण हे सगळे नियम ऐकणाऱ्या नागरिकासाठी आहेत. कारखान्यातल्या कामगाराच्या कानांसाठी कायद्यात तरतूद आहे, तिथं आवाजानं आलेलं बहिरेपण व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. हौसेनं वाजवणाऱ्यासाठी मात्र कुणी निरीक्षक येणार नाही.

म्हणून हे काम पथकांनीच करायचं आहे आणि ते अवघड नाही. नवीन मुलांना बोल शिकवताना ढोलाऐवजी जुन्या टायरवर किंवा पाटावर वाजवू द्या. ताल तोच बसतो. सरावाला शेडपेक्षा मोकळं मैदान बरं. ताशे सगळे एका रांगेत, शेजाऱ्याच्या कानाला लावून उभे करू नका. फोनवरच्या ॲपचा आकडा ढोबळ समजा, पण हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ८५ ओलांडलेले असतात, त्याला ॲप लागत नाही. मिरवणूक बघायला लहान मुलांना खांद्यावर आणणाऱ्या आई-बाबांनी त्यांना कान झाकणारे मफ घालावेत. कापूस त्यांच्याही कामाचा नाही.

हंगामाआधी एकदा कानाची तपासणी करून घ्या, आधीचा दिवस शांततेत काढून, आणि ३, ४ व ६ हजार हर्ट्झचे आकडे मागून घ्या. हंगाम संपल्यावर पुन्हा करा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर ‘उतरेल आपोआप’ म्हणून थांबू नका. त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठा, कारण त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त चालतात. आणि पथकप्रमुखांना एक विनंती: नोंदणीच्या वेळी झब्बा, फेटा, टिपरू यांचे पैसे घेता, त्या यादीत प्लगची एक ओळ वाढवा, आणि तो न घालता आलेल्याला सरावाला उभं करू नका.