नग्न देह आणि छायाचित्रातील माणूस

मळवलीस गाडीतून उतरून भाज्याच्या पायऱ्या चढून जाणाऱ्या बहुतेकांचे डोळे प्रथम चैत्यगृहाच्या भव्य कमानीवर खिळतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तेथेच न थांबता लेण्यांच्या ओळीने पुढे गेले म्हणजे एक लहानसा विहार लागतो. त्याच्या ओसरीत एका बाजूस रथात बसलेला सूर्य आणि दुसऱ्या बाजूस हत्तीवर आरूढ झालेला इंद्र कोरलेला आहे, असे सामान्यतः मानतात. सूर्याच्या दोहो बाजूंस दोन स्त्रिया आहेत. इंद्राच्या शिल्पात खाली एक नर्तकी आणि तिच्याशेजारी वाद्य वाजविणारी आहे. हे काम इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. या आकृतींच्या अंगावर दागिने पुष्कळ आणि वस्त्र थोडे. दरीच्या पलीकडे कार्ल्यास गेलात तर चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या अंगाला अंग लावून उभ्या आहेत. आजी, सून, नातवंडे अशी सगळी मंडळी त्यांच्यासमोरून जातात आणि कोणास संकोच वाटत नाही.

आता अशी कल्पना करा की, याच बेताच्या वस्त्रांत, याच ऐटीत उभ्या असलेल्या एखाद्या जिवंत स्त्रीचे छायाचित्र आपल्या बैठकीच्या खोलीत कोणी टांगले. आजी मान वळवील, सून चहा आणण्याच्या निमित्ताने आत जाईल, आणि नातवंडांस बाहेर खेळावयास पाठविले जाईल. दगडात जे चालते ते कागदावर का चालत नाही? याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस मात्र असे वाटते की, या संकोचात थोडे ढोंग असले तरी थोडे शहाणपणही आहे, आणि ते कोठे आहे हे नीट शोधून काढले पाहिजे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. नग्नता, स्वाभाविकता आणि शृंगार या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नग्नता ही केवळ वस्तुस्थिती; अंगावर कपडा आहे की नाही, एवढाच तिचा प्रश्न. स्वाभाविकता म्हणजे देह जसा आहे तसा दाखविणे: पोटाची वळी, बाळंतपणाचे वण, उन्हाने रापलेले हात आणि त्यांच्या वरचा गोरा दंड. शृंगार हा देहाचा गुण नसून दोन माणसांमधील नाते आहे. पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यामध्ये तो उत्पन्न होतो. म्हणूनच नऊवारीत नखशिखांत झाकलेली लावणीची नर्तकी शृंगाराने सभा हलवून सोडते, आणि वैद्यकाच्या पुस्तकातील उघडा देह कोणास हलवीत नाही.

इंग्रज कलासमीक्षक केनेथ क्लार्क याने 1956 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसता उघडा पडलेला देह आणि कलेने घडविलेला नग्न देह असा भेद केला. पहिल्यात ओशाळलेपण असते, दुसऱ्यात आत्मविश्वास, असे त्याचे म्हणणे. पुढे 1972 साली जॉन बर्जर याने ही मांडणी उलटी केली. त्याच्या मते उघडे असणे म्हणजे आपण स्वतः असणे. कलेतील नग्न म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी मांडून ठेवलेला देह. दोघांचे पटणार नाही. परंतु दोघांनाही एक गोष्ट मान्य आहे, ती ही की, कपडे उतरल्याने प्रश्न सुटत नाही, तेथून तो सुरू होतो.

छायाचित्रकार हा प्रश्न कशाने सोडवितो? प्रकाशाने, अंतराने आणि चौकटीने. बाजूने येणारा कडक प्रकाश कातडीवरील प्रत्येक रंध्र, प्रत्येक केस उठवितो. समोरून पसरून येणारा मऊ प्रकाश त्याच कातडीचा संगमरवर करतो. पाठीमागे कोरा पडदा असला म्हणजे देह काळाबाहेर जातो. पाठीमागे न आवरलेले अंथरूण आणि खुंटीवरचा टॉवेल असला म्हणजे तो देह कोणाचा तरी होतो. सर्वांत मोठा निर्णय चेहऱ्याचा. चेहरा चौकटीबाहेर ठेवला की आकार उरतो. चेहरा आत घेतला की माणूस येतो.

अमेरिकेतील एडवर्ड वेस्टन याने 1930 साली एका ढोबळ्या मिरचीचे असे छायाचित्र काढले की, ते पाहून मनुष्यदेहाचा भास व्हावा. याच वेस्टनने 1936 साली कॅरिस विल्सन हिचे नग्नचित्र काढले. ती गुडघे कवटाळून, मान खाली घालून बसली आहे; चेहरा दिसत नाही. देहाचा आकार शंखासारखा बंदिस्त. परंतु नीट पाहिले तर तिचा भांग थोडा वाकडा आहे आणि केसांत पिना दिसतात. वेस्टनला उजव्या हातावरची सावली खटकत असे. कॅरिसने पुढे सांगितले की, तिला स्वतःला तो भांग आणि त्या पिना खटकत. आम्हांस त्या पिनाच मोलाच्या वाटतात. त्या नसत्या तर चित्रात एक सुंदर शंख राहिला असता. त्या आहेत म्हणून तेथे एक मुलगी आहे, जिने त्या सकाळी घाईने केस बांधले असावेत. स्वाभाविकता म्हणतात ती हीच, आणि ती शृंगाराची वैरीण नव्हे. केवळ आकाराची इच्छा लवकर विटते. माणसाविषयीची ओढ टिकते.

आता आपल्या घरी येऊ. भाज्याच्या पायथ्याशी मळवली आहे, आणि राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईहून हलवून या मळवलीतच आणला होता. पुढे रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकला, आणि 1972 साली तो आगीत नष्ट झाला. वर डोंगरात दोन हजार वर्षे एके ठिकाणी स्थिर असलेल्या अप्सरा, आणि खाली यंत्रातून निघून घरोघरच्या भिंतींवर जाणाऱ्या अप्सरा, असा तो शेजार होता. छपाईने चित्राला पाय फुटले. शिल्प पाहण्यास आपण डोंगर चढून जातो. छापील चित्र आपल्याकडे येते, आणि पाहणारा कोण हे चित्रात असणाऱ्यास ठाऊक नसते.

या चालत्या चित्रांविषयी महाराष्ट्रात सर्वांत निर्भयपणे विचार केला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. 1927 च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत चालविले. त्याच्या मुखपृष्ठावर ते नग्न स्त्रीचे चित्र छापीत. देह लाजिरवाणा नाही. तो उघड्यावर पाहण्याची सवय झाली म्हणजे चोरटेपणा जाईल, असा त्यांचा पक्ष होता. त्यांच्यावर खटले झाले, दंडही झाला. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लक्षात घेण्याजोगे हे की, ते खटले मजकुरावरून झाले. ज्या शब्दांनी लोक विचार करू लागतील, त्या शब्दांची भीती सरकारला अधिक वाटली असावी.

1954 साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांच्या प्रेमिकांच्या चित्रांवरून त्यांच्यावर खटला भरण्यात आला, आणि ते निर्दोष ठरले. 1995 साली बुटांच्या एका जाहिरातीसाठी मधु सप्रे आणि मिलिंद सोमण यांचे छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्ता यांनी काढले: दोघे विवस्त्र, भोवती अजगर, पायांत बूट. मुंबईत खटला गुदरला आणि 2009 साली, चौदा वर्षांनी, आरोपी सुटले. ते चित्र आम्हांस फारसे स्वाभाविक वाटत नाही. अजगरासह सगळे मांडलेले आहे. परंतु मांडणी कृत्रिम असणे हा गुन्हा नव्हे.

छायाचित्राबाबत स्पष्ट निर्णय आला तो 2014 साली. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू बार्बरा फेल्टस यांचे विवस्त्र छायाचित्र एका जर्मन नियतकालिकातून घेऊन 1993 साली कलकत्त्यात छापले गेले होते. ते काढले होते बार्बराच्या वडिलांनी. ती कृष्णवर्णीय, तो गोरा; वर्णद्वेषाविरुद्ध ते चित्र होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नग्न चित्र केवळ नग्न म्हणून अश्लील ठरत नाही. ठेवण, पार्श्वभूमी, हेतू आणि आजच्या समाजाची धारणा पाहावी लागते. पुढे 2024 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सने अडवून ठेवलेली सूझा आणि पदमसी यांची नग्नचित्रे सोडण्याचा हुकूम दिला. त्यांत पदमसींनी काढलेली छायाचित्रेही होती.

हे सर्व चांगलेच झाले. परंतु या साऱ्या वादांत एक प्रश्न बहुधा विचारलाच गेला नाही. पाहणाऱ्याचे मन बिघडेल काय, कलावंताचा हेतू काय, समाजाची धारणा काय, हे विचारले गेले. चित्रात जो माणूस आहे त्याचे म्हणणे काय, हे क्वचित. भारतीय दंडविधानाच्या 292 व्या कलमात प्राचीन स्मारकांवरील शिल्पांस सूट होती, आणि नव्या न्याय संहितेतही ती आहे. म्हणजे भाज्याच्या नर्तकीला कायद्याचे अभय आहे. पण तिला त्याची गरज नाही. दगडाला अब्रू नसते, उद्या शेजारी काय म्हणतील ही भीती नसते. जिवंत माणसाला असते. आजीच्या संकोचात जे शहाणपण आहे ते हेच: छायाचित्रातील बाई कोणाची तरी कोणीतरी आहे, हे तिला न सांगता कळते. 2018 साली आलेल्या रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटातील नायिका मुलाच्या शिक्षणासाठी जे. जे. कलाशाळेत विद्यार्थ्यांसमोर विवस्त्र बसते. बसण्यात तिचा अपमान नाही. कोणास कळेल काय, याचा घोर मात्र तिला आहे.

कायद्याने ही बाजू उशिरा पाहिली. 2008 च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात 66 ई हे कलम आले: संमतीवाचून कोणाच्याही खाजगी अवयवांचे चित्र काढणे, छापणे वा पाठविणे हा गुन्हा झाला. 2013 साली दंडविधानात भर पडली. तीत असे सांगितले आहे की, एखाद्या स्त्रीने चित्र काढू देण्यास संमती दिली, परंतु ते तिसऱ्यास दाखविण्यास दिली नाही, तर ते पसरविणे हा गुन्हाच होय. आता तीच तरतूद न्याय संहितेच्या 77 व्या कलमात आहे. काढू देणे वेगळे आणि वाटू देणे वेगळे, हा भेद प्रत्येक घरात तरुण मुलामुलींस समजावून सांगितला पाहिजे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि छापखानाही आहे. जे चित्र दोघांच्या विश्वासात काढले तेव्हा शृंगाराचे होते, तेच भांडणानंतर तिसऱ्याच्या हाती पडले की अत्याचाराचे होते. चित्रातली एक रेषाही बदललेली नसते.

तात्पर्य, नग्न छायाचित्र समोर आले असता कपडा किती, हे मोजीत बसू नये. तीन गोष्टी पाहाव्यात. चित्रात माणूस शिल्लक आहे काय, की त्याचा नुसता आकार उरला आहे? ते त्याच्या राजीखुशीने काढले आहे काय? आणि आपल्यासमोर ते आले आहे ते त्याच्या संमतीने काय? पहिल्याचे उत्तर डोळे देतील. उरलेल्या दोहोंचे उत्तर चित्रात बहुधा लिहिलेले नसते. ते विचारावे लागते, आणि उत्तर मिळाले नाही तर चित्र पुढे पाठवू नये. शृंगार असेल तर असो. तो भाज्याच्या ओसरीतही आहे आणि कार्ल्याच्या भिंतीवरही आहे. पुढच्या वेळी भाज्यास जाल तेव्हा त्या नर्तकीसमोर अवश्य थांबा, आणि खिशातल्या यंत्रात असलेल्या चित्रांपैकी कोणते कोणास विचारून घेतले होते, हेही एकदा आठवून पाहा.