हिशेब कोणाचा तपासायचा?

एप्रिल 2021 मध्ये निर्बंध लादताना राज्य सरकारने 5,476 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तीत नोंदणीकृत घरेलू कामगारांना प्रत्येकी 1,500 रुपये होते. माझी आई कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या बंगल्यांत धुणीभांडी करीत आलेली. तिला ते मिळाले नाहीत. तिची नोंदणीच नव्हती. घरातला पहिला पदवीधर मी, महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो; पण आईचा अर्ज भरायचे मला सुचले नाही. ही कबुली आधी देतो, कारण पुढचा प्रश्न तिच्यातूनच निघतो. सरकारी मदतीचा हिशेब तपासतात म्हणजे नेमके काय तपासतात?

एरवी सरकारी खरेदीला निविदा लागते, पावती लागते, साठ्याची नोंद लागते. मागाहून लेखापरीक्षक हे कागद ताडून पाहतो. राज्याच्या खर्चावरील महालेखापरीक्षकांचा अहवाल अनुच्छेद 151 प्रमाणे राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो. 30 मे 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी या पदाला घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद म्हटले होते. ज्यांच्या नावाने पैसा खर्ची पडतो त्यांच्या हाती तिजोरीची किल्ली नसते, हे ते जाणून होते.

आपत्तीत हा क्रम मोडतो. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम 50 सांगते की, तातडीच्या खरेदीत निविदेची अट माफ समजावी. आणि माल वापरल्याचा अधिकृत अधिकाऱ्याचा दाखला हेच हिशेबाचे वैध प्रमाणक मानावे. प्राणवायू निविदेसाठी थांबत नाही, हे खरे. पण आधीची तपासणी माफ झाली की मागाहूनची तपासणी दुप्पट कडक हवी.

घडले उलटे. राज्य सरकारच्या सांगण्यावरून महालेखापरीक्षकांनी मुंबई महापालिकेच्या सुमारे 12 हजार कोटींच्या कामांची विशेष तपासणी केली. मार्च 2023 मध्ये अहवाल विधानसभेत आला. कोविडवरील सुमारे साडेतीन हजार कोटींचा खर्च मात्र तीतून सुटला. पालिकेने 1897 च्या साथरोग कायद्याकडे बोट दाखविले होते. प्लेगच्या काळातील त्या कायद्याचे कलम 4 सद्‌हेतूने काम करणाऱ्यावर खटला भरू देत नाही. पण खटल्यापासून संरक्षण म्हणजे हिशेबापासून सुटका नव्हे. सद्‌हेतू होता की नाही, हे हिशेबच सांगणार!

समजा, सगळे कागद तपासले गेले. तरी आईचे 1,500 रुपये कुठल्याही आक्षेपात येणार नाहीत. यादीतल्या प्रत्येकाला पैसे पोचले की लेखापरीक्षकाचे समाधान होते. यादीबाहेर कोण राहिले, हे त्याच्या वहीत नसते. आणि यादीबाहेर राहणारे बहुधा आपल्याच वस्तीतले असतात.

म्हणून कागदाच्या तपासणीला वस्तीच्या तपासणीची जोड हवी. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कलम 17 मध्ये ग्रामसभेला सामाजिक लेखापरीक्षणाचा अधिकार दिला होता. तीच रीत शहरातल्या मदतीला लावता येते. कार्यकर्त्यांनी व विद्यार्थ्यांनी माहिती अधिकारात मदतीचा तपशील मागवावा, तो वस्तीत मोठ्याने वाचावा आणि कोणाकोणाला काही मिळाले नाही ते लिहून घ्यावे.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. मी ती केली नव्हती.